तापलेल्या खडकावर गाळलेले पाणी

एकदा एका घोंगड्यांच्या व्यापाऱ्याचा तरुण मुलगा भर पुरात नदी ओलांडायला गेला आणि परत आला नाही. त्याच्याबरोबरचे बैल पोहत पोहत काठाला लागले. त्यांच्या पाठीवरच्या घोंगड्या भिजून मणामणाच्या झाल्या होत्या. मुलगा दुसऱ्या दिवशी सापडला, पार खालच्या वळणावर, बाभळींच्या जाळीत. व्यापाऱ्याचे नाव नागूशेट आणि मुलाचे मुकुंदा. नागूशेटला दुसरे मूल नव्हते.

गावाला लागून एक टेकडी होती आणि टेकडीवर एका वृद्ध आचार्यांचा आश्रम होता. गावातले बरेवाईट वर पोहोचायला वेळ लागत नसे. बातमी कळली तेव्हा आचार्य स्वतःच निघाले होते, पण त्यांचे गुडघे पावसाळ्यात साफ असहकार पुकारत आणि वाट तर निसरडी झालेली. त्यांनी आपल्या शिष्याला बोलावले आणि एवढेच सांगितले, "विद्याधर, नागूशेटजवळ जाऊन बस."

विद्याधर हा आश्रमातला सर्वांत व्युत्पन्न शिष्य. ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, आवाज गोड होता आणि कोणत्या प्रसंगी कोणते वचन काढावे हे त्याला शिकवावे लागत नसे. त्याच्या जिभेवर सरस्वती नांदते असे गाव म्हणे. खरे सांगायचे तर विद्याधरचाही या मताला फारसा विरोध नव्हता.

तो गेला तेव्हा नागूशेट ओसरीवर भिंतीला डोके टेकून ओक्साबोक्शी रडत होता. शेजारीपाजारी जमले होते. कोणी पिठले-भाकरी घेऊन आले होते, पण तिला कोणी हात लावला नव्हता. एवढा धट्टाकट्टा माणूस लहान मुलासारखा रडतो आहे, हे विद्याधरला बघवेना. आपल्याजवळ यावर औषध आहे आणि ते आता नाही वापरायचे तर केव्हा, असे त्याला वाटले. हे वाटणे चांगल्या मनाचेच होते, यात शंका नाही.

तो बोलू लागला. देहाची नश्वरता त्याने सांगितली. आत्म्याचे अमरत्व सांगितले. जो आला तो जाणारच, राव असो वा रंक. आणि दुःख मरणामुळे होत नाही, ममत्वामुळे होते, हे त्याने असे उलगडून दाखवले की जमलेल्यांपैकी काही जण माना डोलावू लागले. नागूशेटचे हुंदके हळूहळू कमी झाले. शेवटी त्याने उपरण्याने तोंड पुसले, उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "कळलं, महाराज. पडदा दूर झाला."

त्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते. जमलेले लोक चकित झाले. विद्याधर टेकडी चढून वर आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"गुरुजी, ते सावरले," त्याने सांगितले. "तासाभरात अश्रू थांबले. मला वाटलंही नव्हतं इतक्या लवकर."

आचार्य जप करत होते. त्यांनी माळ थांबवली. "आणि त्या बाई?"

"कोणत्या बाई?"

"मुलाची आई."

विद्याधर गोंधळला. आई घरात होती, माजघरात असावी. तिच्याकडे त्याचे लक्षच गेले नव्हते. आचार्यांनी माळ पुन्हा सुरू केली.

नागूशेटने मुलाचे सगळे विधी यथासांग केले, पण डोळ्यांतून टिपूस काढले नाही. तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी त्याने दुकान उघडले. मुकुंदाचे कपडे, अंथरूण, पांघरूण, काठी, जोडे, जे जे म्हणून होते ते त्याने मागेल त्याला देऊन टाकले. त्याचे आवडते बैलही दूरच्या एका पाहुण्याकडे पाठवून दिले. घरात मुलाचे नाव कोणी घ्यायचे नाही, अशी ताकीद दिली. गावात बोलबाला झाला. विरक्ती असावी तर अशी, असे लोक म्हणू लागले. आणि ही कोणामुळे, हेही आवर्जून सांगू लागले. आसपासच्या गावांतून विद्याधरला बोलावणी येऊ लागली. कोणाकडे काही वाईट घडले की पहिला निरोप त्याला जाई.

पावसाळा सरला, ज्वारीची कणसे भरली, थंडी पडू लागली. अशाच एका सकाळी नागूशेटची बायको भागीरथीबाई टेकडी चढून आश्रमात आली. ती आचार्यांच्या समोर बसली आणि तिने पदराने कपाळावरचा घाम टिपला.

"बाबा, तुमच्या पाया पडायला आले," ती म्हणाली. "पौर्णिमेला माझा भाऊ गाडी घेऊन येणार आहे. मी माहेरी चालले. परत येईन असं वाटत नाही."

"काय झालं, भागीरथी?"

"पोरगा पाण्यानं नेला, त्याला मी काय करणार? पण माझा नवरा घरात असून कुठं गेला, ते तुम्ही मला सांगा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मुकुंदाचा एक सदरा मी कणगीत दाण्याखाली लपवून ठेवला होता. तो पण शोधून काढला आणि वाटसराला देऊन टाकला. मी रडले तर म्हणतात, तू अज्ञानी आहेस. मी त्याचं नाव काढलं की उठून जातात. नवराबायको म्हणून आम्ही एकमेकांशी मीठ-मिरचीपलीकडं बोलत नाही. माझ्या घरात माझ्या पोराचं नाव घ्यायची मला चोरी झाली, बाबा. भावाकडं गेले तर निदान मोकळं रडता तरी येईल."

विद्याधर बाजूला बसून दर्भ निवडत होता. त्याचे हात थांबले. भागीरथीबाईने त्याच्याकडे पाहिले.

"तुमच्यावर राग नाही, महाराज. तुम्ही चांगलंच बोलला असाल. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, मी आत होते."

ती गेली. विद्याधरला वाटले, आचार्य आता आपल्याला रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते; उत्तर देता आले असते. पण ते काहीच बोलेनात, तेव्हा त्यालाच राहवेना.

"गुरुजी, मी खोटं काय सांगितलं? देह नाशवंत नाही का? ममत्वातून दुःख निपजत नाही का? हे तुम्हीच मला शिकवलंत."

"शिकवलं खरं."

"मग माझं कुठं चुकलं? त्या बाईंना समज कमी आहे, त्याला मी काय करू?"

हे शेवटचे वाक्य तोंडातून निसटले आणि त्याचे त्यालाच ते ओशाळवाणे वाटले. आचार्यांनी ते ऐकले नाही असे दाखवले.

"उद्या सकाळी एक काम कर," ते म्हणाले. "पूजेची तांब्याची कळशी चिंच लावून लखलखीत घास. झऱ्याचं पाणी भर. दुहेरी फडक्यातून गाळून भर, एक कणही राहायला नको. आपल्याला खाली नव्या विहिरीवर जायचं आहे."

गावाच्या पांदीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेला, त्या वर्षी सार्वजनिक विहीर खोदायला घेतली होती. नव्या विहिरीचे पूजन असणार, असे विद्याधर धरून चालला. त्याने कळशी घासली. पाणी एकदा गाळले, मन भरले नाही म्हणून पुन्हा गाळले. वर एक तुळशीचे पान सोडले. सूर्य डोक्यावरून कलल्यावर दोघे निघाले. आचार्यांचे गुडघे थंडीत बरे असत, पण बरे म्हणजे फार बरे नव्हेत; काठी टेकत, थांबत थांबत ते उतरले. विद्याधर मागून कळशी सावरत चालला होता. एक थेंब सांडू दिला नाही त्याने.

विहिरीवर पूजनाची काही तयारी नव्हती. खोदणाऱ्यांना खाली काळा खडक लागला होता. पहार त्याच्यावर आपटली की नुसती ठिणगी उडे आणि हाताला झिणझिण्या येत. त्या काळी सुरुंगाची दारू या भागात कोणाला माहीत नव्हती. असा खडक लागला की माणसे त्याच्यावर लाकडे रचून आग पेटवत. पहाटे पेटवलेली आग आता खाली बसली होती. निखारे बाजूला ओढून काढले होते. खडक वरून नेहमीसारखाच काळा दिसत होता, पण त्याच्यावरची हवा थरथरत होती.

"ओत," आचार्य म्हणाले.

"काय?"

"कळशीतलं पाणी त्या खडकावर ओत."

"गुरुजी, हे पूजेचं पाणी आहे. मी दोनदा गाळलंय."

"म्हणून तर तुला आणायला सांगितलं."

विद्याधरला काही उमगेना. पण गुरूची आज्ञा होती. तो काठावर वाकला. खोदणाऱ्यांच्या मुकादमाने त्याला हाताने मागे सारले आणि म्हणाला, "महाराज, लांबून ओता, आणि ओतलं की मागं सरा. चिपा उडत्यात." विद्याधरने कळशी उपडी केली. तुळशीच्या पानासकट पाणी खडकावर पडले. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि त्या लोटातून असा कडाका ऐकू आला की पलीकडच्या बाभळीवरचे पारवे उडून गेले. मग माणसांनी चारी बाजूंनी घागरी रिकाम्या केल्या. खडक पुन्हा पुन्हा वाजला.

वाफ विरल्यावर दिसले, की मघाशी ज्याच्यावर पहारीचा ओरखडा उठत नव्हता त्या खडकाला आरपार भेगा गेल्या आहेत. माणसे आनंदाने खाली उतरली आणि पाचरी मारून चिपा काढू लागली. एक चीप उडून विद्याधरच्या पायाशी पडली होती. त्याने ती उचलली आणि लगेच टाकली. तिच्या कडेने त्याचे बोट कापले होते.

"पाणी गढूळ होतं का?" आचार्यांनी विचारले.

"नाही, गुरुजी."

"खारट होतं? घाणेरड्या भांड्यातलं होतं?"

"नाही. त्याहून निर्मळ पाणी या गावात मिळणार नाही."

"मग खडक का फुटला?"

विद्याधरने बोट तोंडात धरले होते. आचार्य बाजूच्या मातीच्या ढिगावर बसले आणि त्यांनी त्यालाही बसवले.

"दगड तापला की फुगतो," ते म्हणाले. "केसाच्या टोकाएवढा का होईना, पण फुगतो. निवला की आकसतो. पहाटेपासून हा तापत होता, आता पोटापर्यंत तापला होता. तू पाणी ओतलंस, तेव्हा त्याची वरची कातडी क्षणात निवली आणि आकसली. पोटात मात्र आग तशीच, पोट फुगलेलंच. एकाच दगडाची कातडी एक म्हणते, पोट दुसरं म्हणतं. या ओढाताणीत तो फुटला. त्याला आगीनं फोडलं नाही आणि तुझ्या पाण्यानंही नाही. बाहेर आणि आत यांच्यात एकाएकी जे अंतर पडलं, त्यानं फोडला."

विद्याधरने त्या भेगांकडे पाहिले. नागूशेटचे कोरडे डोळे त्याला आठवले. ते डोळे आठवून आजवर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढत असे. आज चढले नाही.

"म्हणजे पाणी ओतूच नये?"

"पाणी तर पाऊसही ओततो," आचार्य उठत म्हणाले. "चल, वर जाताना तुला आणखी एक दगड दाखवतो."

चढणीच्या मध्यावर, वाटेपासून जरा आत, एक भला मोठा धोंडा होता. विद्याधर त्याच्या जवळून रोज जात-येत असे; त्याच्याकडे बघावे असे त्यात काही नव्हते. आचार्यांनी काठीच्या टोकाने त्याच्या कडेला हलकेच ढोसले. कांद्याचा निघावा तसा दगडाचा एक पापुद्रा सुटून खाली आला आणि पडता पडताच त्याचे तुकडे झाले. आतला दगड तांबूस दिसत होता. पायथ्याला खड्यांचा खच होता, खड्यांखाली मुरूम आणि मुरमाखाली माती. त्या मातीत गुडघाभर गवत उभे होते, आणि धोंड्याच्या एका चिरेत कुठूनसे बी पडून रुजलेले उंबराचे रोप वाढत होते.

"हा दिवसभर उन्हात तापतो," आचार्य म्हणाले. "रात्री थंडीनं आकसतो. पुन्हा दुसऱ्या दिवशी तापतो. पावसाचं पाणी चिरेत शिरतं, मुरतं, आतून त्याला मऊ करतं. मुळं आत बोट घालतात आणि चीर रुंदावते. असं किती काळ चाललंय कोणास ठाऊक. माझ्या गुरूंच्याही आधीपासून. तू याला कधी फुटताना ऐकलंस?"

"नाही."

"पण फुटतोय. फुटणं दोघांच्याही कपाळी आहे, त्याच्या आणि याच्याही. तो क्षणात फुटला, तर त्याच्या धारदार चिपा झाल्या. याला वेळ मिळाला, तर याची माती झाली." त्यांनी वाकून मूठभर माती उचलली आणि विद्याधरच्या हातात दिली. "बाळ, तू नागूशेटला फुटण्यापासून वाचवायला गेलास. ज्याचा मुलगा गेला तो फुटणारच. त्यातून त्याला तूही वाचवू शकत नाहीस आणि मीही नाही. आपल्या हाती एवढंच असतं, की त्याला हळूहळू फुटू द्यायचं. मी तुला काय सांगितलं होतं?"

"जाऊन बस, म्हणून."

"मग?"

विद्याधरने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो नागूशेटच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे घराचीच पुढची ओसरी. मागे माजघराचे दार, भिंतीला घोंगड्यांच्या थप्प्या. नागूशेटने लगबगीने उठून एक नवे घोंगडे अंथरले, पाणी दिले आणि हात जोडून समोर बसला. महाराज आलेत म्हटल्यावर चार माणसेही जमली. विद्याधर गप्प बसून राहिला. लोकांनी वाट पाहिली. कोणी खोकला, कोणी जांभई दिली. शेवटी एकेक जण काम आठवून उठून गेला.

"आज काही सांगणार नाही, महाराज?" नागूशेटने विचारले.

"नाही, शेट. बसायला आलोय."

पुढच्या दिवशी तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या दिवशीही. आता कोणी जमत नव्हते. गप्प बसणे हे विद्याधरला वाटले होते त्याहून फार अवघड निघाले. वचनांमागून वचने जिभेवर येऊन उभी राहत आणि त्यांना परत पाठवताना त्याची अगदी दमछाक होई. नागूशेट गिऱ्हाईक करी, मापे बघी, थप्प्या लावी. आत भांडी वाजत. भागीरथीबाई दाराशी येऊन पाण्याचा तांब्या ठेवून जाई. नवराबायको एकमेकांकडे बघत नसत. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये उंबरठा एकच होता, पण तो ओलांडायचे दोघांच्याही जिवावर येई. माजघरात एका कोपऱ्यात तिची गाठोडी बांधून ठेवलेली दारातून दिसत होती. पौर्णिमा जवळ येत होती. आपण काहीच करत नाही आणि दिवस चालले आहेत, या विचाराने विद्याधरचा जीव वरखाली होई.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते. नागूशेट आपण होऊन म्हणाला, "तुम्ही सांगितलंत ते मी विसरलो नाही, महाराज. देह काय, आज आहे, उद्या नाही. कोण कुणाचा मुलगा आणि कोण कुणाचा बाप! बरोबर ना?"

तो असा बोलत होता, जणू पाठ म्हणून दाखवतो आहे आणि शाबासकीची वाट बघतो आहे. विद्याधरने त्याच्याकडे पाहिले. गाल बसले होते. बोटांची नखे त्याने कुरतडून कुरतडून रक्ताला आणली होती.

"मला माहीत नाही, शेट," विद्याधर म्हणाला. "माझं अजून कुणी गेलेलं नाही."

नागूशेट त्याच्याकडे बघतच राहिला. मग तो उठला आणि उगीचच लावलेल्या थप्प्या पुन्हा लावू लागला. विद्याधर त्या दिवशी फार अस्वस्थ होऊन टेकडी चढला. जे काही होते तेही आपण मोडले की काय, असे त्याला वाटत राहिले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजार होता. थंडीचा कडाका वाढला होता म्हणून दुकानात गर्दी झाली. संध्याकाळी बाजार उठला तेव्हा उलगडून पाहिलेल्या आणि तशाच टाकलेल्या घोंगड्यांचा ओसरीवर डोंगर झाला होता. विद्याधर आपल्या कोपऱ्यात बसला होता. नागूशेट एकेक घोंगडे झटकून घडी घालत होता. लहान घोंगड्यांच्या घड्या एकट्याने होत. मग एक मोठे, दुहेरी विणीचे, लांबलचक घोंगडे निघाले. त्याने एक टोक धरले, दुसरे धुळीत लोळायला लागले. त्याने टोक बदलून पाहिले, छातीशी धरून पाहिले, हनुवटीखाली दाबून पाहिले. घडी काही बसेना.

"मुकुंदा, धर रे," तो म्हणाला.

सवयीने म्हणाला. मान वरसुद्धा केली नव्हती. मग त्याचे हात तसेच थांबले.

माजघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. विद्याधर अर्धवट उठला होता, टोक धरायला. तेवढ्यात त्याला दाराशी भागीरथीबाई दिसली आणि तो पुन्हा खाली बसला. ती उंबरठा ओलांडून आली. तिने वाकून धुळीतले टोक उचलले, झटकले आणि दोन्ही हातांनी ताणून धरले. नागूशेट आपले टोक धरून उभा होता. दोघे एकमेकांकडे बघत होती, मध्ये ते लांब घोंगडे.

"त्याला कधी सरळ घडी जमली नाही," नागूशेट म्हणाला.

"त्याला जमायची," भागीरथीबाई म्हणाली. "तुम्हीच घाई करायचात. त्याचं टोक धरून व्हायच्या आधीच तुम्ही हिसडा मारायचात."

"हो."

"मी किती वेळा सांगितलं असेल तुम्हाला."

"हो," नागूशेट म्हणाला. "त्या दिवशी पण मीच घाई केली. तो म्हणत होता, पाणी चढलंय, उद्या जातो. मी म्हटलं, बाजार चुकेल, नीघ. मीच म्हटलं, नीघ."

एवढे बोलून तो मटकन खाली बसला, त्या घोंगड्यावरच, आणि रडू लागला. पहिल्या दिवशी रडला होता तसाच. मधले महिने जणू कोणी काढून घेतले. भागीरथीबाईने टोक सोडले नाही. ती तशीच त्याच्याजवळ येऊन बसली. तिने त्याला गप्प राहा म्हटले नाही, तुमचा काय दोष असेही म्हटले नाही. थोड्या वेळाने तीही रडू लागली, आणि रडता रडता म्हणाली, "जाताना त्यानं दोन भाकऱ्या जास्तीच्या मागितल्या होत्या, बैलांना चारायला." नागूशेटने मान हलवली. "चारायचा खरा. मला चोरून चारायचा." मग ती दोघे मुकुंदाविषयी बोलत राहिली. एकाचे वाक्य दुसऱ्याने पुरे करावे, असे.

विद्याधर कोपऱ्यात बसून होता. त्याच्याकडे आता कोणाचेच लक्ष नव्हते. त्याला जाणवले, की आपल्या जिभेवर सांगण्यासारखे काहीही आलेले नाही, आणि ते यावे असे वाटतही नाही. काही वेळाने तो हळूच उठला आणि पायऱ्या उतरून निघाला. कोणी त्याला थांब म्हटले नाही.

आश्रमात पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. आचार्य ओट्यावर शाल पांघरून बसले होते.

"काय म्हणतात नागूशेट?"

"रडताहेत, गुरुजी. दोघंही."

आचार्यांनी डोळे मिटले. बराच काळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा त्यांनी श्वास सोडला. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही."

"उद्या?"

"उद्याही जाईन. बसायला."

पौर्णिमेला भागीरथीबाईचा भाऊ ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. दुपारी तो बहीण-मेव्हण्यांबरोबर जेवला. जेवताना त्या दोघांनी त्याला भाच्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की त्याला उठायला उशीर झाला. मग तो रिकामी गाडी घेऊन आपल्या गावाला परत गेला.

दुःखाच्या घरी समाचाराला जाणाऱ्याने सोबत वेळ न्यावा. शब्द त्या घरात आधीच पुष्कळ साचलेले असतात.